लेझरने कापलेली ३ मिमी स्टीलची ओपन सोर्स प्रिंटर फ्रेम: फ्रेम दणकट, फाइल अर्धवट

आधी निकाल सांगते, बरेच जण तेवढंच वाचायला येतात. फ्रेम म्हणून ही वस्तू जबरदस्त आहे, सपाट पत्र्यातून कापलेल्या भागांची याहून दणकट प्रिंटर फ्रेम मी अजून हाताळलेली नाही. पण तिच्या फाइल बघून मनापासून वाईट वाटलं, कारण ओपन सोर्स म्हणून ठेवलेल्या त्या फोल्डरमध्ये नुसत्या डीएक्सएफ, म्हणजे कटरला द्यायच्या सपाट रेघांच्या फाइल आहेत, आणि त्या ज्या कॅड मॉडेलमधून, म्हणजे संगणकावरच्या मूळ डिझाइनमधून काढल्या ते मॉडेल कुठेच नाही. पाचपैकी फ्रेमला साडेचार, कटिंग सर्व्हिसला साडेतीन आणि फाइलला दोन, त्यातलाही एक लायसन्स नीट लिहिलंय म्हणून.

वस्तू काय ते सांगते. प्रुसा आय३ या ओपन सोर्स मशीनच्या जातीच्या थ्रीडी प्रिंटरची फ्रेम, पी३स्टील नावाचं ३ मिमी स्टीलचं जे ओपन डिझाइन आहे त्याच घराण्यातला एक फोर्क, म्हणजे मूळ डिझाइन घेऊन बदललेला अवतार. कुणाचा ते लिहीत नाही, माणूस हौसेने फुकट काम करतोय आणि मला बोलायचंय ते डिझाइनबद्दल, त्याच्याबद्दल नाही. सगळे भाग एकाच जाडीच्या पत्र्यातून लेझरने कापलेले, मधली मोठी उभी चौकट, दोन बाजूच्या पाट्या, पुढची आणि मागची पट्टी, झेडच्या (वर-खाली हलवणाऱ्या) मोटर बसायच्या छोट्या पाट्या आणि वाय (प्रिंटचा बेड मागे-पुढे नेणाऱ्या) मोटरचा ब्रॅकेट. एकही भाग वाकवलेला नाही, एकही वेल्डिंग नाही. एका पाटीचा टॅब दुसरीच्या स्लॉटमध्ये जातो, सुताराच्या खाच-कुशीसारखा, आणि मग एम३ चा, म्हणजे ३ मिमी व्यासाचा बोल्ट आणि पत्र्यातल्या टी आकाराच्या खाचेत अडकवलेला नट त्यांना घट्ट ओढून धरतो. बस्स एवढंच.

पत्र्याची फ्रेम का, हे ज्यांना माहितीये त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. रेपरॅप हा स्वतःचेच भाग छापणाऱ्या ओपन सोर्स प्रिंटरचा प्रकल्प २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी सुरू केला आणि त्यातल्या सुरुवातीच्या मशीन रॉडवर उभ्या होत्या, रॉड जोडायला प्रिंट केलेले कोपरे, म्हणजे प्रिंटर बांधायला आधी कुणाकडे तरी प्रिंटर पाहिजे. २००९ मध्ये मेकरबॉटचं कपकेक आलं ते लेझरने कापलेल्या प्लायवूडचं, नंतर अल्टिमेकरचं पहिलं मशीनही प्लायचंच, आणि या मशीननी हे दाखवून दिलं की फाइल आणि लेझर कटर असला की सांगाडा प्रिंटरशिवाय तयार होतो आणि मापं हाताने लावावी लागत नाहीत, ती कापतानाच लागलेली असतात. २०१२ च्या प्रुसा आय३ मध्ये उभी चौकट सपाट शीटची झाली, एक आवृत्ती ६ मिमी ॲल्युमिनियमची आणि एक १२ मिमी लाकडाची बॉक्स फ्रेम, पण वायचं बूड मात्र आट्यांच्या रॉडवरच राहिलं. ज्यांनी ते बांधलंय त्यांना आठवत असेल, एक नट अर्धा आटा जास्त फिरला की चौकट आणि बूड यांचा काटकोन गेला, आणि मग पुन्हा सगळं सैल करून गुण्या लावत बसायचं. खुद्द प्रुसानेही २०१७ च्या एमके३ मध्ये ते रॉड काढून ॲल्युमिनियम एक्सट्रुजन, म्हणजे खाचा असलेले तयार दांडे, टाकलं. पत्र्याच्या फ्रेमने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला, बूडसुद्धा टॅब-स्लॉटचं केलं, त्यामुळे काटकोन नटावर अवलंबून राहत नाही, तो स्लॉटच्या जागेवर अवलंबून राहतो आणि स्लॉटची जागा लेझर मशीन ठरवतं.

आता दणकट म्हणजे काय हे आकड्यात सांगते, कारण "स्टील आहे म्हणजे मजबूत" असं सरसकट म्हणणं चूक आहे. स्टीलचा मॉड्युलस, म्हणजे मटेरियलचा स्वतःचा ताठपणा, साधारण २०० गिगापास्कल, बर्च प्लायचा १० च्या आसपास, पण पाटी लवायला किती विरोध करते ते जाडीच्या घनावर ठरतं. ३ मिमी स्टीलसाठी २०० गुणिले २७, म्हणजे ५,४००. १२ मिमी प्लायसाठी १० गुणिले १,७२८, म्हणजे १७,२८०. म्हणजे हाताने पाटी धरून वाकवायला गेलात तर १२ मिमी प्लाय ३ मिमी स्टीलच्या तिप्पट ताठ, आणि वजन एका चौरस मीटरला स्टीलचं साडेतेवीस किलो तर प्लायचं आठच्या आसपास! मग स्टील कशाला घ्यायचं? तर पाटीच्या स्वतःच्या प्रतलात, म्हणजे चौकोनाचा तिरपा चौकोन होऊ पाहतो तेव्हा, स्टील प्लायला कितीतरी मागे टाकतं, तिथे जाडीचा घन नसतो, सरळ जाडी आणि मटेरियलचा ताठपणा एवढंच असतं. त्यामुळे पातळ पत्र्याची फ्रेम चांगली की वाईट हे एका गोष्टीवर ठरतं, प्रत्येक पाटीला तिच्या आडव्या दिशेने धरायला दुसरी काटकोनातली पाटी आहे का. या डिझाइनमध्ये ते फार विचारपूर्वक केलंय. उभी चौकट मागे-पुढे झुलू नये म्हणून बाजूच्या पाट्या तिरक्या काठाच्या आहेत आणि वरपर्यंत जातात, त्यांना पुढची-मागची पट्टी बांधते, कोपऱ्यात तीन पाट्या एकमेकींना भेटतात आणि तिथे हलायला काही उरतच नाही. वरचा एक कोपरा हाताने धरून जोरात ढकलला तर अख्खा प्रिंटर टेबलावर सरकतो पण फ्रेम तिरपी होत नाही. उलट मी अशाही फ्रेम बघितल्यात ज्यात उभी चौकट नुसती दोन टॅबवर बुडात रोवलेली असते आणि वर काहीच नाही, त्या स्टीलच्या असल्या तरी डोलतात, त्यापेक्षा प्लायची बॉक्स फ्रेम शंभर पट बरी.

आता कटिंग. हे काम मी एका ऑनलाइन कटिंग सर्व्हिसला दिलं, फाइल अपलोड करायची, मटेरियल आणि जाडी निवडायची, भाग घरी येतात. अचूकता उत्तम, व्हर्नियरने स्लॉट ते स्लॉट अंतरं मोजली तर फरक शोधूनही सापडेना, छोटी एम३ ची भोकं पण गोल आणि साफ, ३ मिमी पत्र्यात ३.२ मिमीचं भोक म्हणजे जवळजवळ जाडीएवढंच, त्याच्या खाली गेलं की लेझर बऱ्याचदा नीट भोक पाडत नाही, त्यामुळे मला तिथे थोडी धाकधूक होती. खालच्या बाजूला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड होती, फार नाही पण हात कापेल इतकी नक्की, सगळ्या काठांवरून कानस फिरवावी लागली. दीड गुण गेले ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे भाग ऑक्सिजनने कापून आले, नायट्रोजनने नाही (लेझरसोबत छेदावर वायूचा झोत सोडतात तो), आणि ऑर्डर करताना ते विचारलंही नाही. ऑक्सिजनने कापलेल्या स्टीलच्या काठावर ऑक्साइडचा काळसर निळा थर बसतो, त्यावर रंग लावला की दिसायला छान दिसतो आणि नंतर तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात, त्यामुळे प्रत्येक काठ घासून थर काढावा लागला, एवढ्या सगळ्या खाचा असलेल्या भागांचे काठ घासणं म्हणजे कंटाळवाणं काम. दुसरं, दोन भागांवर लेझर जिथून सुरू होतो ती जागा भोकाच्या काठावरच घेतली होती, टाकाऊ भागात नाही, तिथे बारीक खळगा पडलाय. बोल्टच्या भोकात असेल तर दुर्लक्ष करता येतं, पण एक नेमका टॅबच्या काठावर आला होता. सर्व्हिसने तक्रार ऐकली आणि तो भाग पुन्हा कापून दिला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे.

खरी मजा आणि खरा त्रास फिटिंगमध्ये. इथे जरा थांबून लिहिते, कारण सपाट भागांच्या कुठल्याही मशीनचं भवितव्य इथेच ठरतं. लेझरची रेघ जाडीशून्य नसते, पातळ स्टीलमध्ये ती साधारण ०.१ ते ०.२ मिमी रुंद जळते, प्लायमध्ये सीओ२ लेझरने ०.२ च्या आसपास, वॉटरजेट एक मिमीच्या जवळपास, प्लाझ्मा त्याहून जास्त. याला कर्फ म्हणतात. रेघेच्या मधोमध कापलं तर स्लॉट कर्फएवढा मोठा होतो आणि टॅब कर्फएवढा लहान. म्हणून कुणीतरी रेघ अर्ध्या कर्फने सरकवावी लागते, आणि प्रश्न एवढाच की कोणी, डिझाइन करणाऱ्याने की कापणाऱ्याने? दोघांनीही नाही केलं तर सगळं खुळखुळ वाजतं, दोघांनीही केलं तर टॅब हातोडीने पण जात नाही. स्टील कापणारे जवळजवळ सगळे स्वतःच करतात, ते फाइलमधलं माप हेच अंतिम माप धरतात, पण हौशी लोकांच्या छोट्या सीओ२ लेझरवर बहुतेक वेळा तसंच मधोमध कापलं जातं, त्यामुळे तिथल्या सवयीने ज्यांनी फाइलमध्येच कर्फ धरलाय त्यांच्या फाइल स्टीलवाल्याकडे गेल्या की गडबड होते. या फोर्कच्या सूचनांमध्ये याबद्दल एक ओळ नाही. मी फाइल उघडून टॅबची रुंदी आणि स्लॉटची लांबी मोजून अंदाज बांधला की कर्फ धरलेला नाही, तेव्हा कुठे निर्धास्तपणे पाठवली.

आणि अजून एक बारीक गोष्ट आहे जी फार लोक लक्षात घेत नाहीत. स्लॉटच्या लांबीत टॅबची रुंदी बसते, ती दोन्ही मापं लेझरने कापलेली, म्हणजे कर्फची चूक दुप्पट लागते. पण स्लॉटच्या रुंदीत पत्र्याची जाडी बसते, आणि ती जाडी लेझरने ठरत नाही, ती पत्रा बनवणाऱ्या रोलिंग मिलने ठरवलेली असते. ३ मिमी म्हणून विकला जाणारा पत्रा २.८५ पण असतो आणि ३.१५ पण असतो, दोन्ही नियमात बसतात. प्लायचं तर विचारूच नका, ६ मिमीचा प्लाय बऱ्याचदा साडेपाच-पावणेसहा भरतो आणि दमट हवेत फुगतो. माझा पत्रा २.९२ भरला, फाइलमधले स्लॉट ३.१, म्हणजे ०.१८ ची ढील. वाचताना क्षुल्लक वाटतं, पण नट आवळेपर्यंत पाटी तेवढी कलते. आवळल्यावर बोल्ट तिला ओढून काठावर सपाट बसवतो आणि ढील निघून जाते, हे टी-नटच्या जोडाचं मोठं सुख, तिथे टॅब जागा दाखवतो आणि ताकद बोल्ट देतो. एमआयटीच्या सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्समधलं एमटीएम स्नॅप नावाचं छोटं मिलिंग मशीन आहे, एचडीपीई प्लॅस्टिकच्या शीटमधून कापलेलं आणि बोल्टशिवाय नुसतं खटक्याने जोडलेलं, त्यात मात्र मटेरियलची लवचीकताच सगळं काम करते, तिथे अशी ढील अजिबात चालणार नाही. दोन्ही पद्धती मला आवडतात पण स्टीलमध्ये बोल्टच.

जोडणी सोपी आहे पण घाई करू नका. सगळे नट आधी सैल ठेवायचे, अख्खी फ्रेम उभी करायची, ती काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवायची, चारही पायांना हात लावून बघायचं कुठे डुगडुगते का, मग दोन्ही कर्ण मोजायचे, कर्ण सारखे आले की थोडं थोडं करून समोरासमोरचे बोल्ट आवळायचे. या फ्रेमचे कर्ण पहिल्या आवळण्यातच जुळले, फरक माझ्या टेपने दिसला नाही, आणि हे लिहिताना मला खरंच आनंद होतोय, कारण रॉडवाल्या मशीनला यासाठी अख्खी संध्याकाळ जायची. एक सल्ला, साध्या षटकोनी नटाऐवजी चौकोनी पातळ नट घ्या. षटकोनी एम३ नटाची रुंदी ५.५ मिमी आणि पत्रा ३ मिमी, म्हणजे नट दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो आणि बोल्ट फिरवताना बोटाने धरला नाही तर खाचेतून निसटून खाली पडतो, चौकोनी नट खाचेच्या भिंतीला पूर्ण टेकतो, फिरत नाही. आणि थ्रेड लॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा किंवा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले नट) वापरा, प्रिंटर दिवसभर थरथरत असतो, साधे नट ढिले होतातच. प्लायची फ्रेम असेल तर वॉशर विसरू नका, बोल्टचं डोकं लाकडात रुततं आणि काही आठवड्यांनी पुन्हा आवळायला लागतं. जिथे पत्र्यातच आटे पाडायचे आहेत, या फ्रेमवर अशा दोन-चार जागा आहेत, तिथे लेझरने कापलेल्या भोकाची कड कडक झालेली असते, सरळ टॅप घातला तर तुटू शकतो, आधी योग्य मापाचं ड्रिल फिरवून मग टॅप मारा.

रंगाचं सांगते. साधं स्टील आहे, नुसतं ठेवलं तर गंजणार, त्यामुळे पावडर कोटिंग करावंसं वाटतंच. करा, पण कोटिंगची जाडी धरा. एका थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, आणि जोडात स्लॉटच्या दोन भिंती अधिक पाटीच्या दोन बाजू असे चार थर येतात, म्हणजे पाव मिमी किंवा त्याहून थोडी जास्त जागा खाल्ली. माझ्याकडे ढीलच ०.१८ होती. त्यामुळे कोटिंगला द्यायच्या आधी सगळे टॅब आणि स्लॉटच्या आसपासची जागा टेपने झाकायला सांगितली, ते लोक उष्णता सहन करणारी टेप लावतात, आणि जोड उघडाच ठेवून नंतर तिथे थोडं तेल. दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची, कोटिंग वीज वाहत नाही. मेनचा पॉवर सप्लाय लोखंडी फ्रेमवर बसवताय तर फ्रेमला अर्थिंग पाहिजेच, आणि अर्थिंगचा लग उघड्या धातूवर, दातेरी वॉशर घालून. भाग एकमेकांना नुसत्या रंगाला रंग टेकून उभे असतील तर एका पाटीला अर्थिंग दिलं म्हणजे दुसरीला मिळालं असं धरू नका, मल्टिमीटर लावून प्रत्येक पाटी तपासा. या फोर्कमध्ये अर्थिंगसाठी वेगळं भोक ठेवलंय, खूप कमी डिझाइनमध्ये हे दिसतं, ज्याने ठेवलं त्याचं मनापासून कौतुक.

वापरताना कसं वाटतं? प्रिंट स्वच्छ येतात, उंच भागांच्या कोपऱ्यांजवळ जी लाट उठते ती रॉडवाल्या मशीनपेक्षा स्पष्ट कमी. पण आवाज! पातळ स्टील गातं. मोटरची थरथर मोठ्या सपाट पाटीत जाते आणि ठरावीक वेगाला घंटेसारखी गुणगुण चालू होते, प्लायच्या फ्रेममध्ये हे कधीच ऐकलं नव्हतं कारण लाकूड थरथर आतल्या आत गिळतं आणि स्टील गिळत नाही. बाजूच्या पाट्यांना आतून गाडीच्या दारात लावतात तसली बिटुमेनची चिकट शीट लावली, मोटरखाली रबरी पॅड टाकले, आणि बराच फरक पडला. वजन भरपूर आहे, जत्रा-प्रदर्शनांना मशीन घेऊन फिरणाऱ्यांनी आधी उचलून बघावं. पण जड असण्याचा फायदाही आहे, बेड मागे-पुढे धावताना मशीन स्वतः नाचत नाही.

आता फाइल, जिथे तीन गुण गेले. ओपन सोर्स हार्डवेअरची जी व्याख्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जी आजही बहुतेक सगळे मानतात, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की बदल करायला ज्या स्वरूपातली फाइल सोयीची त्या स्वरूपातली मूळ फाइल दिली पाहिजे. डीएक्सएफ ही तशी फाइल नाही. ती कटरला द्यायची फाइल आहे, तिच्यात नुसत्या रेघा आणि कमानी आहेत, हा स्लॉट त्या टॅबसाठी आहे आणि त्याची रुंदी पत्र्याच्या जाडीवरून काढलीये हे तिला माहीत नसतं. प्रोग्रामचा सोर्स न देता नुसती चालणारी फाइल दिल्यासारखं आहे हे. तुम्ही ती चालवू शकता, दुरुस्त करू शकत नाही. मला ४ मिमी पत्र्यात हीच फ्रेम करून बघायची होती आणि ८ ऐवजी १० मिमीचे रॉड घालायचे होते, तर प्रत्येक भागातला प्रत्येक स्लॉट हाताने बदलावा लागतोय, एक जरी राहिला तरी जोडताना कळणार, पत्रा कापून झाल्यावर. मॉडेल फ्रीकॅड या फुकट कॅड सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि जाडी, कर्फ, ढील हे तीन आकडे स्प्रेडशीटच्या तीन खान्यात असते तर एक आकडा बदलून काम झालं असतं. ओपनएससीएडी, म्हणजे कोड लिहून आकार काढायचं सॉफ्टवेअर, असतं तर तीन व्हेरिएबल. हे अवघड नाहीये, डिझाइन करतानाच सवय लागली तर मुळीच नाही.

डीएक्सएफच्या स्वतःच्याही भानगडी आहेतच. जुन्या आर१२ स्वरूपात एकक लिहिलेलंच नसतं, मिमी की इंच हे उघडणारा ठरवतो, आणि चुकला तर भाग २५.४ पट. एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या चित्राची फाइल, वाटणाऱ्यांची वेगळी गंमत, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरने २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत डीफॉल्ट ९० डीपीआयचं (एका इंचात किती ठिपके) ९६ केलं, त्यामुळे त्याआधीच्या फाइल नव्यात उघडल्या की आकार सहा टक्क्यांनी लहान येण्याचा धोका, आणि सहा टक्के डोळ्याला दिसत नाहीत. या फोर्कच्या दोन फाइलमध्ये एकावर एक दोन रेघा होत्या, लेझर तीच रेघ दोनदा कापणार, काठ जळणार. आणि भोकं कमानीऐवजी बारीक बारीक सरळ तुकड्यांची होती, कुठल्यातरी कन्व्हर्टरमधून गेल्याची खूण. ते सगळं लिब्रेकॅडमध्ये साफ करून मग पाठवलं.

मला हे एवढं का लागतं तेही सांगते. २०१२ च्या जानेवारीत मेकरबॉटने रेप्लिकेटर आणला, प्लायवूडचा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेप्लिकेटर २ आणला, पावडर कोटिंग केलेल्या स्टीलच्या फ्रेमचा, आणि त्याच्या डिझाइन फाइल दिल्या नाहीत. त्याआधीची मशीन लोकांनी बदलून, सुधारून कुठल्या कुठे नेली होती, ते तिथे थांबलं. फाइल बंद करणं हा निर्णय असतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. पण आपणच ओपन म्हणून ठेवलेलं डिझाइन आळसाने अर्धं ठेवलं तर परिणाम तोच होतो, पुढचा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून मी ही फ्रेम डीएक्सएफवरून मापं घेऊन फ्रीकॅडमध्ये पुन्हा काढली, जाडी-कर्फ-ढील वेगळे ठेवून, आणि ती मूळ फोल्डरमध्ये घ्या म्हणून पुल रिक्वेस्ट टाकलीये. फोर्कवाल्याने उत्तर छान दिलंय, मूळ मॉडेल एका पेड सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि त्याचं लायसन्स संपलं म्हणाला. ही अडचण खूप जणांची असणार. तरी निदान स्टेप फाइल टाकून ठेवावी, ती जवळजवळ कुठल्याही कॅडमध्ये उघडते, पॅरामीटर नसले तरी आकार तरी घन मिळतो.

ही फ्रेम कुणी घ्यावी? ज्यांना एकदा बांधून वर्षानुवर्षं चालवायचंय आणि मशीन एकाच टेबलावर राहणार आहे त्यांनी डोळे मिटून. ज्यांना डिझाइनमध्ये सतत खुडबुड करायचीये, आज इथे भोक उद्या तिथे ब्रॅकेट, त्यांनी प्लाय घ्यावा किंवा सरळ एक्सट्रुजन, स्टीलमध्ये एक भोक सरकवायचं तर पुन्हा कापून आणावं लागतं. लेझर मिळत नाही आणि सीएनसी राउटर आहे तर हीच फ्रेम १२ मिमी प्लायमध्ये करता येते, पण नुसती जाडी बदलून नाही, राउटरचं बिट गोल असतं, स्लॉटचे आतले कोपरे गोल राहतात आणि चौकोनी टॅब त्यात शिरत नाही, तिथे डॉगबोन म्हणजे कोपऱ्यात बिटच्या त्रिज्येएवढा जादा गोलावा काढावा लागतो. ॲक्रिलिकमध्ये मात्र करू नका. दिसतं सुंदर, पण मॉड्युलस जेमतेम ३ गिगापास्कल, आणि टी खाचेच्या कोपऱ्यात बोल्ट आवळताना तडा जातो.

ऑर्डर देणार असाल तर सोबतच्या नोटमध्ये तीन गोष्टी लिहा, कर्फ तुम्ही म्हणजे कापणाऱ्याने धरायचा आहे, फाइलमध्ये धरलेला नाही, नायट्रोजनने कापा, सुरुवातीचा छेद टाकाऊ भागात घ्या. आणि त्याच शीटच्या उरलेल्या जागेत एक छोटी चाचणीची पट्टी कापून मागा, तिच्यात ३.०, ३.०५, ३.१, ३.१५, ३.२ असे स्लॉट आणि एक टॅब. जमलं तर ही पट्टी आधी एकटीच मागवा आणि पत्रा त्याच लॉटचा ठेवायला सांगा, मग कुठला स्लॉट बोटाच्या दाबाने बसतो ते बघून बाकीची फाइल त्या मापाने पाठवा. माझी फ्रीकॅड फाइल वापरणार असाल तर तो आकडा "ढील" नावाच्या खान्यात टाकायचा, पत्र्याची मोजलेली जाडी वजा करून.